विषातील कर्ता

समुद्रातील अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या विषातून उपयुक्त विकरे, म्हणजे प्रयोगशाळेतील लोकांच्या तोंडची एन्झाइमे, वेगळी काढून ती शुद्ध करण्याचा जो उद्योग जगात अनेक ठिकाणी चालला आहे, तो करावा की करू नये, आणि करावयाचा तर कोणत्या मर्यादेत, या प्रश्नावर माझ्या परिचयातील दोन व्यक्तींमध्ये झालेला वाद मी येथे शक्य तितक्या विश्वासूपणे मांडणार आहे. कारण त्या वादात वैर नव्हते, वेळ मारून नेण्याची वृत्ती नव्हती, आणि दोघांनाही परस्परांचे म्हणणे नीट समजून घेऊन मगच ते खोडून काढावयाचे होते. एक आमचे स्नेही रावसाहेब, ज्यांची सारी हयात न्यायासनावर गेली. आणि दुसरी त्यांची भाची, जी जीवरसायनशास्त्रात संशोधन करते आणि जिच्या कामाचा विषय कोनस नावाची, शंकूच्या आकाराच्या शंखात राहणारी समुद्री गोगलगाय हा आहे.

या प्राण्याच्या सातशेहून अधिक जाती उष्ण समुद्रांत, आणि विशेषतः फिलिपिन्सच्या प्रवाळांच्या परिसरात आढळतात. त्याच्या शंखावरील नक्षी इतकी देखणी असते की युरोपातील संग्राहक शतकानुशतके तिच्या लोभात पडले. परंतु आतला जीव शिकारी आहे. कोणती जात किड्यांवर जगते, कोणती इतर गोगलगाईंवर, तर कोणती माशांवर. आणि ज्या प्राण्याला पोहता येत नाही, धावता येत नाही, त्याने चपळ माशाला गाठावे कसे, या अडचणीचे उत्तर म्हणून निसर्गाने त्याला एकदाच वापरता येणारा, पोकळ, भाल्याच्या बनावटीचा दात, लांब वेटोळी विषनलिका आणि त्या नलिकेतील विष सोंडेकडे ढकलणारी स्नायूची पिशवी दिली आहे. दात रुतल्यावर मासा काही क्षणांत ताठ होतो. मनुष्यही या दंशाने दगावल्याची नोंद १७०५ साली प्रसिद्ध झालेल्या, अंबोन बेटावर आयुष्य घालविलेल्या रुम्फियसच्या ग्रंथात आहे.

रावसाहेबांनी आपली हरकत प्रथमच स्पष्ट शब्दांत नोंदविली. ते म्हणाले, "तुमच्या शास्त्राने आता एवढी मजल मारली आहे की, विषग्रंथीच्या लहानशा तुकड्यातून तिच्यात कार्यरत असलेल्या जनुकांचे वाचन होते, आणि अक्षरांशी अक्षरे ताडून त्यांतले कोणते प्रथिन कोणत्या कुळातले हे संगणक सांगतो. असे असता पुष्कळ जनावरे मारून, त्यांच्या ग्रंथी खलात वाटून, त्या लगद्यातून एकेक पदार्थ निवडून काढण्याची जुनी वहिवाट तू कोणत्या आधारावर चालू ठेवतेस, एवढे मला सांग."

"मामा, संगणक कूळ सांगतो, काम सांगत नाही," ती म्हणाली. "आणि पुष्कळदा कूळही सांगत नाही. कोनस मॅगस या जातीच्या विषातून १९९५ साली मॅकिंटॉश, ऑलिव्हेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोनोडिपीन-एम नावाचे विकर शुद्ध केले. पेशीच्या आवरणातील स्निग्ध रेणूची एक ठराविक साखळी ते कॅल्शियमच्या उपस्थितीत तोडते. म्हणजे सापाच्या विषात आणि आपल्या स्वादुपिंडात जे फॉस्फोलायपेज ए-२ असते, त्याचेच काम ते जवळजवळ त्याच वेगाने करते. परंतु त्याच्या अमिनो आम्लांचा क्रम तोवर माहीत असलेल्या कोणत्याही फॉस्फोलायपेजशी जवळजवळ मुळीच जुळत नव्हता. नुसत्या अक्षरांवरून शोध घेणाऱ्याच्या हातून ते निसटले असते. ज्यांनी ते धरले, त्यांनी त्याची क्रिया पाहून धरले."

"हे एका बाजूचे उदाहरण झाले, क्रम निराळा आणि काम तेच. उलट बाजूचे आहे का?"

"आहे, आणि ते मला अधिक बोधप्रद वाटते. कोनस टेक्सटाइल या जातीतून २००३ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी टेक्स-३१ नावाचे प्रथिन काढले आणि ते इतर प्रथिनांना छेद देणारे विकर आहे, विषाच्या कच्च्या, लांब साखळीचे तुकडे करून तिचे पक्के विष बनविणारे आहे, असे दाखविले. पाच वर्षांनी चिनी संशोधकांनी दुसऱ्या एका कोनसमधून त्याच कुळातले, क्रमाने त्याच्याशी जुळणारे प्रथिन वेगळे करून तपासले, तेव्हा त्याच्यात छेद देण्याची शक्ती आढळली नाही. जिला केवळ यादीवर विसंबावयाचे होते, तिने या दुसऱ्या प्रथिनाच्या नावापुढे विकर म्हणून खुशाल लिहून टाकले असते."

रावसाहेब थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग त्यांनी जे म्हटले ते त्यांच्या पेशाला साजेसे होते. दंग्याच्या खटल्यात, ते म्हणाले, जमावातील शंभर माणसे कोणत्या गावची आणि कोणत्या आडनावाची याची यादी फिर्यादी पक्ष सहज हजर करतो, परंतु ज्या घावाने माणूस मेला तो घाव कोणाचा हे त्या यादीतून शाबीत होत नाही. आणि तू जे शुद्धीकरण म्हणतेस ते जर त्या शंभरांतून एकेकाला बाजूला घेऊन, इतर कोणी हजर नसताना त्याच्या हातून काय घडते हे पाहणे असेल, तर त्या कामाची गरज मी नाकारीत नाही.

मला वाटते, वादाचा अर्धा भाग येथेच निकालात निघाला. परंतु रावसाहेबांचा स्वभाव असा की, एक मुद्दा सोडताना ते त्याच्या पाठचा अधिक अवघड मुद्दा हातात घेतात. त्यांनी विचारले, "पण हा मुद्देमाल तू कोठून जप्त केलास? ग्रंथी वाटलीस म्हणजे त्या ग्रंथीच्या पेशींची स्वतःच्या संसारासाठी असलेली विकरेही त्याच लगद्यात उतरणार. मग तुझ्या नळीत सापडलेले विकर विषातले, की त्या बिचाऱ्या प्राण्याच्या घरातले?"

भाचीने या प्रश्नाला बगल दिली नाही. हा दोष खरा आहे, असे तिने सांगितले, आणि जेलीफिशच्या बाबतीत तर तो फारच छळतो. तेथे विष एखाद्या थैलीत साठलेले नसते. स्पर्शसोंडांवरील लक्षावधी सूक्ष्म दंशकोशांत ते विभागलेले असते, आणि प्रत्येक कोशात एक गुंडाळलेला तंतू सुमारे दीडशे वातावरणांच्या दाबाखाली कोंडलेला असतो, जो स्पर्श होताच एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात बाहेर फेकला जातो. हे कोश अखंड मिळविण्यासाठी सोंडा समुद्राच्या थंड पाण्यात काही दिवस ठेवून त्यांचे मांस आपोआप विरघळू द्यावे लागते, नंतर गाळून कोश निराळे करावे लागतात, आणि मग काचेच्या बारीक मण्यांबरोबर हलवून ते फोडावे लागतात. मांस कुजताना त्यातली छेदक विकरे मोकळी होतात आणि विषातील प्रथिनांनाच खाऊ लागतात. त्यातून ही विषे उष्णतेने फार लवकर निकामी होणारी. अशा कामात एखादी क्रिया मोजली गेली म्हणजे ती विषाचीच, असे ठामपणे म्हणण्यापूर्वी शंभरदा विचार करावा, हे तिने कबूल केले.

येथे रावसाहेबांना एक जुना दाखला आठवला, आणि तो त्यांनी आपल्या पक्षाच्या पुष्ट्यर्थ पुढे केला. १९०१ साली मोनाकोचा राजा पहिला आल्बेर याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्त्ये या फ्रेंच शास्त्रज्ञांनी फिजेलिया या, आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वाहून येणाऱ्या निळ्या दंशकारी प्राण्याच्या सोंडांचा अर्क काढला. फ्रान्सला परतल्यावर समुद्रफुलांचा अर्क कुत्र्यांना टोचला. आणि पहिल्या मात्रेतून बचावलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या अल्प मात्रेने मिनिटांत मरतो हे पाहून अॅनाफिलॅक्सिसचा, म्हणजे शरीराच्या त्या घातक अतिसंवेदनेचा, शोध लावला. त्याबद्दल १९१३ साली रिशेला नोबेल पारितोषिक मिळाले. "तेथे कोणते शुद्धीकरण होते?" रावसाहेबांनी विचारले. "कच्चा अर्क, आणि शोध मात्र पहिल्या प्रतीचा."

"कारण तेथे प्रश्न कुत्र्याचा होता, समुद्रफुलाचा नव्हता," ती तत्काळ म्हणाली. "शरीर परक्या प्रथिनाची ओळख ठेवते आणि दुसऱ्या भेटीत खवळते, ही गोष्ट अंड्याच्या पांढऱ्या भागानेही दाखविता येते. अर्कात नेमके काय आहे हे कळले नाही तरी शोधाचे काही अडले नाही. ज्या क्षणी विषातील पदार्थ उपयोगात आणावयाचा ठरतो, त्या क्षणी मात्र तो कोणता हे जाणल्याशिवाय एक पाऊलही टाकता येत नाही."

हे उत्तर मला फार मार्मिक वाटले, आणि त्याच्या समर्थनार्थ तिने जी हकीकत सांगितली ती मी थोड्या विस्ताराने देतो. कारण ती गरीब देशातील विज्ञानाची हकीकत आहे आणि आपल्याकडील पुष्कळांना ठाऊक नाही. बाल्डोमेरो ऑलिव्हेरा हा फिलिपिन्सचा रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे असताना डीएनएचे तुटलेले धागे जोडणाऱ्या लायगेज या विकराच्या शोधकार्यात सहभागी होता. तो शोध १९६७ सालचा. मायदेशी मनिलाला परतल्यावर त्या प्रकारचे काम चालविण्यास लागणारी साधनसामग्री त्याच्यापाशी नव्हती. तेव्हा जे आपल्या किनाऱ्यावर मुबलक मिळते आणि ज्याच्या परीक्षेला महागडे यंत्र लागत नाही, असा विषय त्याने निवडला, आणि तो हा कोनस. त्याची सहकारी लूर्देस क्रूझ हिच्यासह त्याने मासे मारणाऱ्या कोनसच्या विषाचे घटक वेगळे करण्यास आरंभ केला. पुढे तो युटा विद्यापीठात गेला, तेथे क्रेग क्लार्क नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याने असे सुचविले की, वेगळे केलेले अंश उंदराच्या पोटात टोचण्याऐवजी सरळ मेंदूत टोचून पाहावे. त्या एका सूचनेने चित्र पालटले. जे विष एकसंध आणि केवळ मारक भासत होते, त्याच्या एका अंशाने उंदीर थरथरू लागला, दुसऱ्याने अंग खाजवू लागला, आणि एका अंशाने तर लहान पिल्ले झोपी जात, मोठे उंदीर मात्र चेकाळल्याप्रमाणे धावत सुटत. इतक्या परस्परविरुद्ध क्रिया एकाच थेंबात नांदत होत्या, आणि त्या वेगळ्या केल्याखेरीज कोणालाही दिसणे शक्य नव्हते.

कोनस मॅगसच्या ज्या अंशाने उंदीर थरथरत असे तो पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी, मॅकिंटॉशने, तेव्हा तोही विद्यार्थीच होता, शुद्ध करून दाखविला. पंचवीस अमिनो आम्ले, तीन गंधकबंध. मज्जातंतूच्या टोकाशी असलेले एका विशिष्ट जातीचे कॅल्शियमद्वार तो बंद करतो, आणि त्यामुळे वेदनेचा निरोप पाठीच्या कण्यातच अडतो. त्याचीच प्रयोगशाळेत घडविलेली प्रतिकृती झिकोनोटाइड या नावाने डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झाली. असह्य दुखणे असलेल्या रुग्णाच्या कण्यात ती पंपाने सोडतात, आणि मॉर्फीनप्रमाणे दिवसेंदिवस मात्रा वाढवीत नेण्याची पाळी येत नाही.

"आणि मामा, लक्षात घ्या," ती म्हणाली, "एकदा रचना कळल्यावर त्या औषधासाठी एकही गोगलगाय मारावी लागलेली नाही."

रावसाहेब म्हणाले, "तू विकरांची वकिली करावयास बसलीस आणि दाखला पेप्टाइडाचा दिलास. पेप्टाइड लहान, तो यंत्रावर कडीला कडी जोडून बनविता येतो. विकराचे तसे नव्हे. मला विकराचा दाखला दे."

हा प्रतिवाद न्याय्य होता. तिने हायल्युरोनिडेजचे नाव घेतले. आपल्या पेशींच्या मधल्या जागेत जो चिकट भराव असतो, त्यातील हायल्युरोनिक आम्लाची लांब साखळी हे विकर तोडते. त्यामुळे भराव पातळ होतो आणि टोचलेला पदार्थ वेगाने पसरतो. विषाला ते वाट मोकळी करून देते, आणि वैद्यालाही. १९२८ साली दुरान-रेनाल्सने अंडकोषाच्या अर्कात हा प्रसारक गुण पाहिला, आणि पुढे गुरामेंढ्यांच्या अंडकोषांतून काढलेले हे विकर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याभोवती बधिरतेचे औषध नीट पसरावे म्हणून सर्रास वापरात आले. तेच काम करणारे विकर कोनस कॉन्सॉर्स आणि कोनस पर्पुरॅसेन्स या जातींच्या, प्राण्याने स्वतः टोचून बाहेर सोडलेल्या विषात सापडले आहे.

"पण मनुष्याचे स्वतःचे हायल्युरोनिडेज जनुकतंत्राने संवर्धित पेशींत तयार होते आणि त्याला अमेरिकेत २००५ सालीच परवानगी मिळाली, असे तूच मला मागे सांगितले होतेस. मग गोगलगाईच्या विकराला गिऱ्हाईक कोण?"

"आज कोणी नाही," ती म्हणाली, आणि तिचा हा सरळपणा मला तिच्या सर्व युक्तिवादांहून अधिक मोलाचा वाटला. "विषातील विकराचा उपयोग होईलच अशी हमी मी देत नाही. ब्राझीलमध्ये रोचा इ सिल्व्हाने १९४० नंतरच्या दशकात जराराका सापाचे विष रक्तद्रवात मिसळले, विषातील विकराने त्या द्रवातील एका प्रथिनाचा तुकडा मोकळा केला, आणि तो तुकडा म्हणजे रक्तदाब उतरविणारे ब्रॅडिकायनिन निघाले. त्याच सापाच्या विषाच्या अभ्यासातून पुढे रक्तदाबावरील कॅप्टोप्रिल आले. उपयोग विकराचा झाला नाही; विकराने जे उघडे केले त्याचा झाला. हे आधी दरखास्तीत लिहून देता आले नसते."

यानंतर तिने आपल्या कामाची रीत सांगितली, आणि रावसाहेब कान देऊन ऐकत राहिले. सर्व काम चार अंशांच्या थंडाव्यात. ग्रंथीचा अर्क काढून, केंद्रोत्सारक यंत्रात फिरवून गाळ खाली बसवावयाचा. अमोनियम सल्फेट किंवा थंड अॅसिटोन घालून प्रथिनांचा साका पाडावयाचा. तो पुन्हा विरघळवून जेलच्या स्तंभातून सोडावयाचा, ज्यात मोठे रेणू आधी बाहेर पडतात आणि लहान मागाहून. मग विद्युत्भाराप्रमाणे निवड करणारा दुसरा स्तंभ. प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक नळीची क्रिया मोजावयाची. हायल्युरोनिडेज असेल तर शिल्लक राहिलेले आम्ल अल्ब्युमिनशी मिळून जो गढूळपणा आणते तो किती उतरला हे पाहावयाचे. आणि या सर्वांचा एक तक्ता होतो: एकूण प्रथिन किती, एकूण क्रिया किती, दर मिलिग्रॅमला क्रिया किती, मूळच्या क्रियेपैकी किती हाती राहिली, आणि पदार्थ किती पटींनी शुद्ध झाला. शुद्धी वाढत जाते तसतसा माल घटत जातो. हे नुकसान कोणत्याही कसबाने पूर्णपणे टळत नाही.

रावसाहेबांनी तो तक्ता कागदावर काढून मागितला, बारकाईने पाहिला, आणि म्हणाले, "यात एक रकाना नाही. जनावरे किती गेली?"

मी तोपर्यंत अनेक शोधनिबंधांतील असे तक्ते वाचले होते, आणि हा प्रश्न मनाला थेट जाऊन भिडला. साहित्य-पद्धतीच्या परिच्छेदात प्राण्यांची संख्या कधी येते, कधी नुसते विषाचे वजन येते. परंतु जेथे मिलिग्रॅमचा आणि टक्क्याचा हिशेब काटेकोर ठेवला जातो त्या तक्त्यात प्राण्याला जागा नसते. हा प्रश्न नवा आहे असेही नाही. २००३ साली चिव्हियन, रॉबर्ट्स आणि बर्नस्टीन यांनी सायन्स या नियतकालिकात पत्र लिहून कोनसच्या जातींवर प्रवाळांच्या नाशामुळे आणि अनिर्बंध गोळा करण्यामुळे संकट आल्याचा इशारा दिला होता. पुढच्या वर्षी या विषयातील संशोधकांनी त्याच नियतकालिकात उत्तर देऊन संशोधनामुळे होणारी हानी अल्प असल्याचे प्रतिपादिले. आपल्याकडे कोनस मिल्नेएडवर्डसी ही जात २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातली गेली, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याने परदेशी संस्थेला येथील जीवद्रव्य नेण्यापूर्वी चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी घेणे बंधनकारक केले. परंतु कायदा परवाना पाहतो. एका मिलिग्रॅम विकरासाठी किती जीव खर्ची पडले, हे परवान्यावरून कळत नाही.

भाची म्हणाली की, मासे खाणाऱ्या जातींचे विष प्राणी न मारताही मिळविता येते. लहान नळीच्या तोंडावर रबराचा पातळ पापुद्रा ताणून त्याला माशाच्या पराचा तुकडा लावतात. गोगलगाय त्याला मासा समजून दात मारते, आणि विष नळीत उतरते. काही मायक्रोलिटरच, पण तोच प्राणी टाकीत पुन्हा पुन्हा विष देतो. "आणि मामा, तुमच्या मुद्देमालाच्या हरकतीचेही उत्तर त्यातच आहे. जे प्राण्याने स्वतः टोचले, ते विषच. ग्रंथीच्या पेशींची भेसळ त्यात जवळजवळ नसते."

दयेचा मार्ग आणि पुराव्याचा मार्ग येथे एकत्र येतात, आणि मला हा या साऱ्या विषयातील सर्वांत समाधानाचा भाग वाटतो. तरी तो सर्वत्र लागू पडत नाही. किडे खाणाऱ्या लहान जातींना असे फसविणे कठीण. आणि चार-दोन मायक्रोलिटरांतून पेप्टाइडाचा क्रम वाचता आला तरी विकर शुद्ध करून, त्याला काय लागते, कशाने ते थांबते, कोणत्या तापमानाला ते मरते, एवढे सर्व तपासण्याइतका माल हाती राहत नाही. क्रम वाचून ते यीस्टमध्ये किंवा कीटकांच्या पेशींत घडवावे म्हटले, तर गंधकबंध योग्य जागी जुळतील आणि रेणू आपली खरी घडी घेईल याची शाश्वती नाही. आणि घडलेले विकर अस्सलाप्रमाणे वागते हे सिद्ध करण्यासाठी तुलनेला थोडे तरी अस्सल विकर हाताशी असावे लागते.

"म्हणून थोडे मारावे लागतील, हे तुझे म्हणणे मी ऐकून घेतो," रावसाहेब म्हणाले. "पण तो रकाना तू घालशील?"

"घालीन."

"आणि शंखांच्या व्यापाऱ्याच्या टोपलीतून विकत घेतलेले?"

येथे ती थांबली. व्यापारी ते शंखांसाठी आधीच मारतो, ती म्हणाली; आतले मांस तो फेकूनच देणार असतो; मी ते घेतले नाही तरी तो जीव वाचत नाही, आणि मी ते माझ्या प्रयोगाच्या नावावर मांडले तर वाचणाऱ्याचा गैरसमज होईल. रावसाहेबांना हे पटले नाही. ज्या दिवशी तू त्या टोपलीतल्या मांसालाही किंमत दिलीस, ते म्हणाले, त्या दिवसापासून त्या धंद्यात तुझी भागी सुरू झाली, आणि भागीदाराला आपला हिस्सा कमी होता एवढेच म्हणता येते, तो नव्हता असे म्हणता येत नाही. या बाबतीत मी रावसाहेबांच्या बाजूचा आहे. मागणी कितीही अल्प असली तरी ती मागणीच असते. मारलेल्यांचा एक आणि विकत घेतलेल्यांचा दुसरा असे दोन स्वतंत्र रकाने असावेत, ही भाचीची सूचना त्यांनी मान्य केली. खाली बेरीज मात्र दोन्हींची मिळून एकच असावी असा त्यांचा आग्रह होता, आणि त्या बेरजेवर त्या दिवशी दोघांचे एकमत झाले नाही.